डबा बंद झाल्यावरची कबड्डी

बुधवार, २१ जानेवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. अबू धाबीच्या विमानतळाबाहेर तापमान सोळा अंश होते, हवेत किंचित ओलावा होता आणि माझ्या पाठपिशवीत कपड्यांपेक्षा अधिक काळजीने गुंडाळलेला एक ध्वनिमापक होता. या देशात येणारे बहुतेक प्रवासी काहीतरी पाहायला येतात: उंच इमारती, सोन्याची दुकाने, वाळूच्या टेकड्या. मी ऐकायला आले होते. दुबईतल्या एका कॉलेजच्या कबड्डीच्या दोन सामन्यांत प्रेक्षक किती मोठ्याने ओरडतात, एवढेच मला मोजायचे होते.

या कॉलेजात भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत आणि आसपासच्या चार कॉलेजांशी त्यांचे दर हिवाळ्यात कबड्डीचे सामने होतात. मागील हंगामापर्यंत सगळे खेळाडू हौसेने खेळत. यंदा एका व्यापाऱ्याने पैसे दिले आणि संघातल्या सहा जणांना दरमहा मानधन सुरू झाले. हंगाम अर्ध्यावर आला तेव्हा त्या व्यापाऱ्याने कॉलेजचे क्रीडासंचालक नासर सर यांना एकच प्रश्न विचारला: पैसे दिल्यापासून प्रेक्षागृह इतके शांत का झाले आहे? लोकांची मजा गेली असेल तर पुढल्या वर्षी मी पैसे का द्यावेत?

गेल्या वर्षी कॉलेजच्या विज्ञान मंडळातल्या मुलांनी प्रकल्प म्हणून प्रत्येक सामन्यात आवाजाची नोंद केली होती. तुलनेला आधार तयार होता. हवा होता तो त्रयस्थ मोजणारा. त्यांचा ध्वनिमापक पुण्यातल्या ज्या प्रयोगशाळेतून तपासून गेला होता, तेथेच मी काम करते. नासर सरांचे पत्र आले आणि मी अकराव्या मिनिटाला होकार कळवला. माझा स्वतंत्रपणे केलेला असा हा पहिलाच प्रकल्प ठरणार होता. सहा मुलांचे पुढचे वर्ष माझ्या आकड्यावर टांगलेले आहे, हे भान त्या अकरा मिनिटांत मला नव्हते.

मोहम्मद बिन झायद सिटी

माझी सुजातामावशी मुसाफ्फाजवळच्या या वसाहतीत चौदा वर्षे राहते. एका मोठ्या बंगल्याचे तीन भाग केले आहेत, त्यांतला मधला तिचा. दारात गुलमोहरासारखे एक झाड, त्याच्या बुंध्याशी ठिबकची काळी नळी, आणि आत शिरताच पोह्यांना दिलेल्या फोडणीचा वास. मी मीटर टेबलावर ठेवून लगेच सेल तपासू लागले.

"आधी खा. मशीन पळून जाणार नाही," मावशीने बशी पुढे केली. "आणि ते खोबरं बाजूला काढू नकोस. इथे नारळ पाच दिरहमला पडतो, म्हणजे सव्वाशे रुपये."

मावशी त्या कॉलेजच्या संघाची निष्ठावान प्रेक्षक. दर सामन्याला सव्वा तास गाडी चालवून दुबईला जाते. मी थेट विचारले, "प्रेक्षक खरंच गप्प झालेत का गं?"

"गप्प म्हणजे... डीसेंट झालेत. गेल्या वर्षी रविवारी मॅच झाली की सोमवारी माझा आवाज गेलेला असायचा. बॉस विचारायचा, सुजाता, आर यू सिक? यंदा घसा एकदम ठणठणीत आहे. आणि तेच मला आवडत नाहीये."

"मॉम, यू वेअर सो एम्बॅरसिंग," अकरा वर्षांच्या अन्वीने बशीतून मान वर न करता मत नोंदवले.

"ऐकलंस? पोटची पोर. तो भार्गव बाद झाला की मी ओरडायचे, अरे पायात काय सिमेंट भरलंय का! पण ओरडायचेच ना. माझा डबा खायचा तो."

हा डबा म्हणजे काय, ते मला या टेबलावर समजले आणि पुढचा सगळा प्रवास त्याच्याभोवती फिरला. कबड्डीला ताकद लागते, ताकदीला खुराक लागतो, आणि वसतिगृहातल्या मुलांना तो मिळत नाही. म्हणून पहिल्या वर्षापासून हंगामाच्या सुरुवातीला प्रेक्षक कुटुंबे एकत्र जमून चिठ्ठ्या टाकत. ज्या घराच्या चिठ्ठीवर ज्या खेळाडूचे नाव, त्या घराने हंगामभर दर शुक्रवारी त्याला खुराकाचा डबा पोहोचवायचा. कोणी अंडी आणि मटण, कोणी डिंकाचे लाडू, कोणी नुसती डाळ आणि तूप. कोणताही लेखी नियम नसताना यातून एक हक्क तयार झाला होता: मैदानात त्या खेळाडूला नावाने हाक मारण्याचा, पहिली शिवी देण्याचा आणि जिंकल्यावर त्याच्या पाठीत पहिला धपाटा घालण्याचा मान त्या घराचा.

मानधनाबरोबर करार आला आणि करारात आहाराचे कलम आले. खेळाडूंनी आहारतज्ज्ञाने ठरवून दिलेलेच जेवायचे, बाहेरचे अन्न वर्ज्य. हंगाम संपेपर्यंत डबा बंद.

"बरोबरच आहे म्हणा," मावशी म्हणाली. "माझ्या लाडवांत किती कॅलरी असतात हे मलाच कुठे माहीत होतं?"

दुबई: उपान्त्य सामना

शुक्रवारी दुपारी साडेतीन वाजता मी कॉलेजच्या क्रीडागृहात पहिली नोंद घेतली. आत एकही माणूस नव्हता, वातानुकूलन चालू होते, निळी-पिवळी मॅट नुकतीच पुसलेली. मीटरवर ५१ डेसिबल. रिकाम्या हॉलचा हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर चौकटीत लिहिला. यापेक्षा शांत हा हॉल होऊच शकत नव्हता.

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी मी पाहिलेली कबड्डी मातीवरची, उघड्यावरची, कर्ण्यातून येणाऱ्या समालोचनाची. तिथे बाया-माणसे दूर घरांच्या ओट्यांवरून पाहतात. इथली व्यवस्था पाहून मी मनोमन दाद दिली. स्त्रियांसाठी वेगळ्या आणि कुटुंबांसाठी वेगळ्या रांगा. दाराशी वाफाळत्या कडक चहाची टाकी, एका दिरहमला पेला. मराठी, मलयाळी, पंजाबी आणि एक संपूर्ण सुदानी कुटुंबही. खेळ सुरू होण्यापूर्वी स्वयंसेवकांनी पायऱ्यांवर बसलेल्या प्रत्येकाला खुर्ची मिळवून दिली. माणसांची अशी निगा मी आमच्याकडच्या तिकिटाच्या सामन्यांतही पाहिलेली नाही.

आवाज मात्र खरोखर खाली आला होता. गेल्या वर्षी याच जागी, याच बनावटीच्या मीटरवर, चांगल्या चढाईनंतर ९८ पर्यंत नोंदी गेल्या होत्या. आज ८४ च्या वर आकडा जाईना. लोक हाताची घडी घालून बसले होते, गुण मिळाला की टाळ्या वाजवीत होते आणि पुन्हा घडी घालीत होते. कोणीही कोणाला मूर्ख म्हणत नव्हते. एकदाच मीटरवर अचानक ९१ दिसले. मी आनंदाने मागे वळले, तर अन्वी मीटरच्या अगदी तोंडाशी बसून वेफर्सची पिशवी फोडत होती. त्या संध्याकाळचा सर्वोच्च आकडा मी खोडला.

मध्यंतरात नासर सर शेजारी येऊन बसले. दमास्कसचे, उंच, मोजके बोलणारे. "यू सी?" ते हळू आवाजात म्हणाले. "आमचा संघ जिंकतो आहे आणि लोक असे बसले आहेत, जणू दाताच्या डॉक्टरकडे आले आहेत."

"कारण पैसेच आहे, हे अजून सिद्ध झालेले नाही," मी म्हणाले.

"व्यापाऱ्याला सिद्धता नको आहे, हबीबती. त्याला आकडा हवा आहे."

सामना संघाने जिंकला. निघताना शेवटच्या रांगेत एक साठीचा माणूस एकटाच बसलेला दिसला. पांढरी दाढी, खांद्यावर करड्या रंगाचा रुमाल, आणि दोन्ही हात मांडीखाली दाबलेले.

"ते युसूफचाचा," मावशी म्हणाली. "अख्ख्या हॉलचा आवाज त्यांच्यापासून सुरू व्हायचा. ओंकार त्यांच्या घरचा, म्हणजे त्यांच्या डब्याचा. यंदा बघ कुठे जाऊन बसलेत."

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क

ओंकार हा संघाचा मुख्य चढाईपटू. रायगडचा, वीस वर्षांचा. वडील इथल्याच एका कारखान्यात फिटर आहेत आणि कामगारांच्या निवासात राहतात. शनिवारी सकाळी त्याने मला त्या भागातल्या एका लहानशा कॅफेटेरियात बोलावले. मी पराठा मागवला. त्याने डब्यातून उकडलेल्या अंड्यांचे पांढरे तेवढे काढले.

"पिवळं?" मी विचारले.

"पिवळं चार्टमध्ये मंगळवारी आहे, ताई."

समोरच्या रस्त्यावर करड्या पत्र्यांच्या गोदामांची रांग होती. त्याने तिसऱ्या दाराकडे बोट केले. गेल्या वर्षी आठवड्यातून पाच दिवस, वर्ग संपल्यावर चार तास, तो तिथे खोकी भरत असे. सराव त्यानंतर, उरलेल्या श्वासावर. यंदा महिना दीड हजार दिरहम मिळतात. "म्हणजे छत्तीस-सदतीस हजार," त्याने सवयीने हिशोब उच्चारला. "गोदाम खलास. आता दोन वेळा प्रॅक्टिस करतो आणि झोपतो. ताई, मला माहीतच नव्हतं की झोपल्यावर माणूस इतका चांगला खेळतो."

मी हे विधान तपासले होते. आदल्या दिवशी कॉलेजकडच्या चित्रफितींवरून मी त्याच्या दोन्ही हंगामांतल्या चाळीस-चाळीस चढाया घड्याळ लावून पाहिल्या. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा असते आणि तेवढा वेळ एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहावे लागते. गेल्या वर्षी त्याची चढाई सरासरी सतरा सेकंद टिकत होती. घाईने जायचे, हात लावायचा, पळत परत यायचे. यंदा सरासरी चोवीस. सात सेकंदांचा हा श्वास मानधनाने विकत घेतला होता, आणि त्या सात सेकंदांत तो थांबतो, हुलकावणी देतो, समोरच्याला आधी चूक करू देतो. खेळ निर्विवादपणे अधिक देखणा झाला होता.

"आणि मानधन थांबलं तर?"

त्याने हसून पुन्हा तिसऱ्या दाराकडे पाहिले. "तुमच्या मीटरच्या हातात आहे. आम्ही पोरं चेष्टेने म्हणतो, ताईंच्या मशीनला उदबत्ती लावू या."

मग हसू ओसरले. "पण खरं सांगू? बोर मला पण होतं. गेल्या वर्षी चाचा मागून ओरडायचे, 'गाढवा, डावा कोपरा बघ!' तेव्हा मला पाठीला डोळे आल्यासारखं वाटायचं. आता पोचलो की सगळे 'वेल प्लेड' म्हणतात. ताई, मला आजपर्यंत कुणी वेल प्लेड म्हटलं नव्हतं. भीती वाटते."

अजमान

त्याच दुपारी मावशीने मला अजमानला पोहोचवले. युसूफचाचांचे मासेमारीच्या जाळ्यांचे आणि दोरांचे दुकान बंदराजवळ आहे आणि घर त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. रत्नागिरीच्या खाडीकाठचे हे कुटुंब तीस वर्षांपूर्वी इथे आले. दुबईच्या भाड्यांपासून दूर राहण्यासाठी निवडलेले अजमान मला स्वतःच्या गुणांवर आवडले: बुटक्या इमारती, समुद्राला लागून चालणारी माणसे, आणि बाजारात माशांची नावे मराठीत सांगणारा बंगाली विक्रेता.

जेवायला तांदळाची भाकरी, नारळाच्या रसातली कोळंबी आणि तळलेली सुरमई होती. ही कोळंबी मी यापूर्वी खाल्लेल्या सर्व कोळंबीच्या वर ठेवते, आणि माझ्या नमुन्यांची संख्या लहान नाही. चौघांत भाकऱ्यांची चळत अवाजवी उंच वाटली म्हणून मी तसे म्हणाले.

"त्या सहा ओंकारच्या," रुखसानाचाची म्हणाल्या. "डबा बंद झाला तरी पीठ मापताना हात तेवढंच घेतो. काल शुक्रवार म्हणून केल्या, आज पण केल्या. हाताला कोण करार दाखवणार?"

चाचांनी घास थांबवला. "बाय, तू रिपोर्ट लिहिणार ना? मग एक नीट लिही. पोराला पैसे मिळतात त्याचं मला दुःख नाय. पहिले पेढे मी वाटले, विचार हिला. गोदामात त्याची पाठ मोडलेली मी बघितलीय."

"मग तुम्ही ओरडत का नाही?"

"ओरडायला हक्क लागतो." त्यांनी रुमालाने हात पुसले. "समोरच्या दुकानातला नोकर पेंगत बसला, तर मी त्याला ओरडेन? नाय. त्याचा शेठ ओरडेल. ओंकारला आता शेठ हाय. ज्याच्या पोटात माझं अन्न नाय, त्याला मी कुठच्या तोंडानं गाढव म्हणू?"

"हॉलमध्ये हा मोठा शहाणा," चाची माझ्याकडे वळल्या. "घरी फोनवर तीच मॅच परत बघतो आणि असा बोंबलतो की वरच्या मजल्यावरचा माणूस खाली येतो. मी त्या वरच्याला सांगितलंय, तुमचा पोरगा नाय खेळत ना, मग राहू दे."

"घरात माझा हक्क हाय. वीजबिल मी भरतो."

परतीच्या वाटेवर मी वही उघडली. मजा कमी झाली, हा निष्कर्ष चुकीचा होता, बरोबरही होता. पैशाने या माणसांचा खेळावरचा जीव कमी केला नव्हता. त्याने त्यांचे काम काढून घेतले होते, आणि पुढे काय करायचे हे कोणी सांगितले नव्हते. पण माझा मीटर काम मोजत नाही, आवाजाचा दाब मोजतो. ८४ विरुद्ध ९८: व्यापाऱ्याला एवढेच दिसणार, आणि पुढल्या वर्षी कोणीतरी तिसऱ्या दारातून आत जाणार.

अंतिम सामना

रविवारी मी मीटर त्याच जागी लावला: चौथी रांग, मध्यरेषेसमोर, दीड मीटर उंची. तो दोन रांगा पुढे सरकवला असता तर आकडा सहज चार-पाचने वाढला असता आणि कोणाच्याही लक्षात आले नसते. हा विचार मला सुचला आणि मी तो पूर्ण केला, म्हणून इथे नोंदवते. ट्रायपॉड मी हलवला नाही.

मोजून चारशे बारा प्रेक्षक. चाची एक स्टीलचा चार खणी डबा घेऊन आल्या आणि तो माझ्या मांडीवर ठेवला. "तुझ्यासाठी हाय," त्यांनी आसपासच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केले. "पुण्याची पोर, किती वाळलीय."

डब्यात सात-आठ माणसांचे जेवण होते.

कोळंबीचा वास मार्गिकेपर्यंत गेला असावा. संघ मॅटवर जाताना ओंकार माझ्या रांगेपाशी रेंगाळला, डब्याकडे पाहिले आणि ओळखीने मान डोलावली. "हंगाम आज संपतो ना, ताई?"

"शेवटच्या शिटीला."

"मग ठेवा. यल्ला, निघतो." तो धावत गेला. चाचा त्या वेळी शेवटच्या रांगेत, हात मांडीखाली.

खेळ चुरशीचा झाला आणि प्रेक्षक पूर्वीइतकेच सभ्य राहिले. ७९, ८३, ८६. मध्यंतरात नासर सरांनी माझ्या वहीत डोकावून श्वास सोडला. दोन्ही संघ एकमेकांना सोडत नव्हते. शेवटच्या मिनिटात आपला संघ एका गुणाने मागे पडला आणि शेवटची चढाई ओंकारच्या वाट्याला आली. समोर चार जण. हात लावून परतला तर बरोबरी, दोघांना लावला तर विजय.

त्याने मध्यरेषा ओलांडली. मी सवयीने मीटरकडे पाहत होते, म्हणून मला ते आधी दिसले आणि ऐकू नंतर आले. आकडा खाली उतरत होता. सत्तर. बासष्ट. मला वाटले सेल संपत आला. मग लक्षात आले की मला ओंकारचा श्वास ऐकू येतो आहे. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. चौथ्या रांगेत, चारशे बारा माणसांच्या मध्ये, एका मुलाच्या ओठांतली पुटपुट स्पष्ट ऐकू येत होती. अन्वीचा हात वेफर्सच्या पिशवीत थबकलेला. मावशीचे तोंड उघडे. दहा सेकंद, पंधरा, अठरा. गेल्या वर्षी या क्षणी तो परत फिरलेला असता. तो फिरला नाही. गुडघ्यात वाकून उभा राहिला, डावा पाय पुढे सरकवला, मागे घेतला, आणि आम्ही सगळ्यांनी आपापला श्वास त्याच्यासाठी धरून ठेवला. मला हे माझ्या छातीत जाणवले: मीही श्वास घेत नव्हते.

मी इतके दिवस चुकीचे टोक मोजत होते. सर्वोच्च आकड्याच्या मागे लागून मी सर्वांत खालच्या आकड्याचा रकानाच आखला नव्हता.

सव्विसाव्या सेकंदाला त्याने उजवीकडे झेप घेतली. हात लागला की नाही कळण्यापूर्वी डाव्या कोपऱ्यातला खेळाडू त्याच्या घोट्यावर पडला होता. मध्यरेषेपासून त्याची बोटे वीतभर अंतरावर थांबली. शिटी झाली. संघ हरला.

मग शेवटच्या रांगेतून, तीन महिने मांडीखाली दाबून ठेवलेला आवाज सुटला.

"गाढवा! डावा कोपरा! डावा कोपरा कोण बघणार, तुझा शेठ?"

युसूफचाचा पायऱ्या उतरत होते, रुमाल हातात गुंडाळलेला, आणि वाटेत येणाऱ्या प्रत्येक खुर्चीला तेच सांगत होते. सगळा हॉल उठला. मावशी सिमेंटचे काहीतरी ओरडली. ओंकार मॅटवर पाठीवर पडून हसत होता. चाचांनी त्याला दंडाला धरून उठवले, पाठीत धपाटा घातला आणि एका दमात त्याच्या दोन वर्षांच्या चुका मोजून दाखवल्या. चाचींनी माझ्या हातातला डबा घेतला तो परवानगी न विचारता. पंचांच्या टेबलाशेजारी, पराभूत संघाच्या मध्ये, चार खण उघडले गेले. पहिली भाकरी ओंकारने तोडली आणि अर्धी, का कोण जाणे, नासर सरांच्या हातात दिली.

नासर सरांनी ती कोळंबीच्या रसात बुडवून खाल्ली आणि डोळे मिटले. मग मला म्हणाले, "शेवटच्या चढाईत मी श्वास घ्यायचा विसरलो. ते लिही."

"ते मीटरने लिहिले आहे," मी म्हणाले.

परतल्यावर

अहवालात मी दोन्ही आकडे दिले. सर्वोच्च आवाज गेल्या वर्षापेक्षा बराच कमी, हे पहिल्या ओळीत, काहीही मऊ न करता. त्याखाली सर्वांत खालचा. विज्ञान मंडळातल्या मुलांनी जपलेल्या गेल्या हंगामाच्या कच्च्या नोंदी पुन्हा मागवून मी तपासल्या. त्या वर्षी चालू चढाईत हॉल एकदाही ६८ च्या खाली गेलेला नव्हता. इतकी लांब चढाईच होत नव्हती, तर इतकी शांतता कोठून येणार? मी लिहिले की मानधनाने प्रेक्षकांचे ओरडणे कमी केले आणि त्यांचे ऐकणे वाढवले. पहिल्याचे कारण पैसा नसून आहाराचे कलम आहे, असे माझे अनुमान आहे. आणि आठवड्यातून एक डबा, तेल मोजून, परत चालू करून पाहावा, ही शिफारस. अंतिम सामन्याच्या शिटीनंतरचा आवाज नोंदलेला नाही, हेही लिहिले. कारणाच्या रकान्यात सत्य भरले: निरीक्षक उभी राहून ओरडू लागली व तिच्या गुडघ्याने ट्रायपॉड आडवा झाला.

काल युसूफचाचांचा ध्वनिसंदेश आला. पाठीमागे बंदरावरच्या होड्यांची इंजिने आणि चाचींचे मध्येमध्ये दुरुस्त्या करणे. मानधन पुढल्या वर्षी चालू राहणार आहे. ओंकारला गोदामात जावे लागणार नाही. डब्याचा निर्णय आहारतज्ज्ञाकडे अडकला आहे, इन्शाल्ला होईल. चाचींनी तोवर नारळ तोलायला एक वजनकाटा आणला आहे.

वहीच्या पहिल्या पानावर चौकटीत रिकाम्या हॉलची नोंद आहे: ५१. शेवटच्या पानावर, ट्रायपॉड पडण्यापूर्वी मीटरने टिपलेली सर्वांत खालची नोंद आहे. रविवार, २५ जानेवारी, सायंकाळी सहा वाजून सत्तेचाळीस मिनिटे, चढाईचा पंचविसावा सेकंद, प्रेक्षक चारशे बारा, ५३ डेसिबल.